गोठ्याच्या तोंडाशी नळ

भेलेंच्या घरी पाणी होतं आणि भेलेंची सून तहानेने कासावीस होती. असं म्हटलं की ऐकणारा लगेच म्हणतो, सासू खाष्ट असणार. माटोलो खाष्ट नव्हती. जिभेची तिखट होती, पण हाताची सढळ, हे मी शेजारीण म्हणून छातीवर हात ठेवून सांगते. सगळा घोळ झाला तो टाकीच्या जागेमुळे.

भेलेंचा मुलगा मोंडे दूर केपकडे सफरचंदांच्या मळ्यावर कामाला जातो. तिथल्या कमाईतून त्याने हिरवी प्लास्टिकची टाकी आणली. गवताच्या छपरावरून पाऊस धरता येत नाही, त्याला पत्रा लागतो. आणि पत्रा होता एकाच खोलीवर, गोठ्याला लागून असलेल्या चौकोनी खोलीवर, जिथे भेले जू, नांगर आणि आपली तंबाखू ठेवतात. मग टाकी तिथेच बसवली, गोठ्याच्या अगदी तोंडाशी. सगळ्या टेकडीने येऊन ती थोपटून पाहिली. गोठा आणि थोरलं घर यांच्यामधलं अंगण पुरुषांचं, गुरांचं आणि गेलेल्या पूर्वजांचं. नवी सून त्यात पाऊल टाकत नाही. हे आम्हाला काय कुणी शिकवायला हवं होतं? पण मोंडेचं लग्न तेव्हा व्हायचं होतं, आणि टाकी बसवताना एकाच्याही डोक्यात आलं नाही की उद्या या घरात सून येणार आहे आणि तिलाही तोंड आहे. मीही तिथेच उभी राहून बियर प्याले होते.

मग नोखाया आली. हे नाव सासरचं, आमच्याकडे सुनेला नवं नाव देतात. अंगाने शेलाटी, कामाला वाघीण. तिची गोल झोपडी अंगणाच्या वरच्या कडेला. दारात उभी राहिली की समोर खाली नळ दिसायचा, ठिबकला तर ऐकू यायचा. पण तिथे जायचं तर झोपडीच्या मागून दरीत उतरायचं, घायपाताच्या कुंपणाच्या बाहेरून वळसा घालायचा आणि दगडांवरून चढून टाकीच्या मागच्या बाजूला निघायचं. येताना तेच, डोक्यावर भरली बादली घेऊन.

खालचा झरा वाहत होता तोवर कुणाला काही वाटलं नाही. यंदा पावसाआधीचा कोरडा वारा लवकर सुटला. झऱ्याचा गुरांनी तुडवून चिखल केला, आणि सगळं पिणं-रांधणं टाकीवर आलं. नोखायाला तेव्हा सहावा सरत होता.

एकदा ती आणि मी माझ्या दारात मका कांडत होतो. लांब झगा, कपाळावर खाली ओढलेला रुमाल, खांद्यावर शाल, नव्या सुनेचा सगळा सरंजाम त्या उन्हातही तिच्या अंगावर. मुसळ खाली ठेवून ती मला म्हणाली, "माड्लोमो, माजी जीभ टाळूला चिकटती बघ. सकाळी उठले की वाटतं, रातभर चुलीतली राख खाल्ली."

"मग पानी पी की."

"प्याले."

"कवा?"

 कण्या धुतलेलं गढूळ पाणी भांड्यात उरलं होतं, त्याकडे ती बघत होती. मी पाठ फिरवल्यावर ते तिने पिऊन टाकलं. मला घोट ऐकू आले.

माटोलो तेवढ्यात कंबर वाकडी करत आली. तिची कंबर कायमची दुखरी. म्हणाली, "पोटुशीला तहान लागायचीच. पन म्हनून घागर तोंडाला लावायची न्हाई. लई पानी प्यालं की पोर आत तरंगतं, खाली येतच न्हाई. मोंडेच्या टायमाला मी दिसाला एक मग पानी प्याले, आन् बघ, कसा दगडावानी निघाला."

"दगडच हाय तो," मी म्हटलं, "साधा फोन करत न्हाई."

नोखाया तोंडावर शाल धरून हसली. हसताना तिचे ओठ फुटले आणि रक्ताचा ठिपका आला. तो तिने जिभेने टिपून घेतला.

तिचं गणित मला हळूहळू कळलं. सकाळी एक खेप करायची. त्यातलं सासूच्या चहाला, कण्यांना, कोंबड्यांना, सासऱ्यांच्या हात धुण्याला. उरलं तर आपल्याला. संपलं तर दुसरी खेप नको, म्हणून आपणच कमी प्यायचं. चढण चढताना तिला धाप लागायची आणि पायात गोळे यायचे. सासूने कधी मग हातातून काढून घेतला नाही. ही स्वतःच स्वतःची सासू झाली होती.

मग एका दुपारी ती पडली. दगडावरून पाय सटकला आणि ढुंगणावर बसली. बादली दरीत गडगडत गेली आणि पाणी सगळं तिच्या अंगावर. मी धावत गेले तर ही बसल्या जागी कोपरापासून मनगटापर्यंत आपला हात चाटत होती. मला बघून थांबली. मेल्याहून मेल्यासारखी झाली.

"चाट," मी म्हटलं, "वाया कशाला घालवतीस? दुसरा हात मी चाटते."

मग दोघी तिथेच बसून इतक्या हसलो की वरून माटोलो ओरडली, काय झालं म्हणून. पण उठताना नोखायाने पोट धरलं. पोट ताठ झालं होतं, कांडायच्या उखळासारखं. सुटलं, परत ताठ झालं. तिचा चेहरा उतरला आणि माझंही हसू मावळलं.

दुकानदाराच्या गाडीत घालून आम्ही तिला पलीकडच्या टेकडीवरच्या दवाखान्यात नेलं.  वाटेत माटोलोने सुनेचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं होतं आणि रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला ती ड्रायव्हरला शिव्या देत होती.

सिस्टर वयस्क होती, डोळ्यांवर चष्मा, पायात फाटके बूट. तिने लघवीला भांडं दिलं. नोखाया बऱ्याच वेळाने आली आणि भांडं झाकून पुढे केलं. तळाशी थोडीशी, आणि रंग कोऱ्या चहाचा. सिस्टरने त्यात कागदाची पट्टी बुडवून बघितली, बोटातून रक्ताचा थेंब घेतला.

"साखर नाही," ती म्हणाली. "इतकी तहान म्हटल्यावर मला आधी तीच भीती वाटली. ताप नाही, अंगावर काही जात नाही, बाळाचे ठोके चांगले आहेत. ही नुसती सुकली आहे. पिशवीला पाणी कमी पडलं की ती अशी आवळते."

तिने पाण्याचा मोठा जग आणून दिला. नोखायाने सासूकडे बघितलं.

"पी," माटोलो म्हणाली, "माज्याकडं काय बघतीस?"

ती प्यायली. पहिला मग हळू, दुसरा घटाघटा, तिसरा डोळे मिटून. हनुवटीवरून गळ्यात ओघळ गेले. मग डाव्या कुशीवर निजवलं. ऊन भिंतीवरून खाली उतरेतो पोट सैल पडलं, आणि बाळाने आतून अशी लाथ मारली की अंगावरची चादर हलली. माटोलोने त्या जागी हात ठेवला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही.

"मॅडम," तिने विचारलं, "पोर तरंगत न्हाई ना पान्यानं?"

"आई, बाळ मुळात पाण्यातच असतं. डबकं आटलं तर मासा कसा राहील? घोट घोट नाही, मगभर मगभर प्यायचं, दिवसभर. लघवी सुक्या पेंढ्याच्या रंगाची दिसेपर्यंत. आणि डोक्यावर बादली घेऊन दरीत उतरणं आजपासून बंद. परत पोट आवळलं तर थांबू नका, घेऊन या." तिने नोखायाकडे वळून विचारलं, "पाणी कुठून आणतेस?"

"घरीच हाय."

"किती लांब?"

"दारातून दिसतंय."

"मग?"

 माटोलो छताकडे बघायला लागली. शेवटी मीच म्हटलं, "नळ गोठ्याच्या तोंडाशी हाय, सिस्टर."

सिस्टरने चष्मा काढून पुसला. तीही इकडचीच, कुणाची तरी सून. "हं," एवढंच म्हणाली आणि आम्हाला उपदेश न करता घरी पाठवलं. मला ती तेव्हाच आवडली.

दुसऱ्या दिवसापासून पाणी आणायला माटोलो निघाली. ती थोरली, तिला अंगण मोकळं. पण कंबर अशी की अर्धी बादली अंगणातच सांडायची, आणि दर पावलाला ती पूर्वजांना हाका मारायची. मी माझ्या परीने दोन खेपा टाकायचे. पण माझ्याही घरात खाणारी तोंडं होती आणि शेत नांगरायला आलं होतं. आणि खरी अडचण वेगळीच होती. सासूला लंगडत येताना नोखाया दारातून बघायची आणि ते पाणी तिच्या घशाखाली उतरायचं नाही. दुसऱ्याच्या कंबरेवरून आलेलं पाणी माणूस घोटाघोटानेच पितं. ओठ पुन्हा फुटले. लघवीचा रंग मी विचारला तर म्हणाली, "चहा. पन दूध घातल्यासारका."

आता भेलेंचं सांगते. सासऱ्याने सुनेशी तोंडातोंडी बोलायचं नाही, सुनेने त्यांचं नाव घ्यायचं नाही, दोघांनी एकमेकांच्या वाटेत यायचं नाही. त्यामुळे भेलेंना सुनेला काही सांगायचं असलं की ते बैलाला सांगतात. ब्लूम नावाचा त्यांचा म्हातारा ढवळा बैल. लेकी बोले सुने लागे म्हणतात, आमच्याकडे बैला बोले सुने लागे. "ब्लूम, आज कण्यांत मीठ जास्ती व्हतं," असं ते गोठ्यातून मोठ्याने म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी मीठ बेताचं व्हायचं.

एका पहाटे ते स्वतः बादली भरून अंगणाच्या वरच्या कडेपर्यंत आले. गडी माणूस, पांढऱ्या दाढीचा, आणि हातात पाण्याची बादली. बादली ठेवून ओरडले, "ब्लूम, हितं पानी ठेवलंय, ज्याला पायजे त्यानं घ्यावं." आणि पाठ फिरवून झपझप गेले. नोखाया शाल सावरून बाहेर येईतो माझ्या शेळ्यांनी ते आमंत्रण आपल्यालाच समजून बादली रिकामी केली होती. वरून तिच्यात लेंड्या. भेलेंनी ते बघितलं आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

मग नळापासून झोपडीपर्यंत रबरी पाइप टाकायचं त्यांना सुचलं. पण नळ खाली आणि झोपडी वर. माझे मालक म्हणाले, "पानी काय शेळी हाय चढायला?"

शेवटी माटोलोच एका सकाळी सुनेच्या दारात जाऊन उभी राहिली. "हे बघ पोरी. मी थोरल्या घरात जाते आन् भिंतीकडं तोंड करून बसते. म्हातारा रानात गेलाय. तू जा सरळ. कोन बघतंय?"

नोखाया दाराच्या चौकटीला धरून उभी होती. खाली मान घालून, पण आवाज पक्का. "न्हाई आई. मी गेले आन् उद्या पोराला काय झालं, तर? लोक म्हनतील, अंगन ओलांडलं म्हनून. तुमी न्हाई म्हननार. पन माज्याच मनात येत ऱ्हाईल, जलमभर."

माटोलो आल्या वाटेने परत फिरली.  आमच्या भागात राहिलेल्या कुठल्याही बाईला हे खरं आहे हे माहीत आहे. रीत मोडायला कुणी अडवत नाही, नंतर येणारा विचार अडवतो.

भेले रानात गेलेच नव्हते. गोठ्याच्या आडोशाला बसून ते जुवाची वादी शिवत होते. वादी शिवायची थांबली होती, एवढं मला कुंपणावरून दिसलं.

त्यानंतर ते नुसते बघत बसायला लागले. टाकीकडे, मग गोठ्याकडे, मग थोरल्या घराच्या पलीकडच्या मोकळ्या उताराकडे. तोंडातली तंबाखूची पाइप विझायची, ते परत पेटवायचे. माटोलो म्हणाली, म्हाताऱ्याला चळ लागला. मग एका संध्याकाळी त्यांनी टेकडीवरच्या जाणत्या माणसांना बोलावलं आणि सांगितलं, "गोठा हलवायचा. थोरल्या घराच्या पल्याड न्यायचा."

पाइप ओढणारे सगळे एकदम खोकले.

"एका मग पान्यापायी आख्खा गोठा?" आमचे मालक म्हणाले. "भेले, टाकी हलवा की."

"टाकी भरल्याली हाय. हलवायची तर सगळं पानी सोडावं लागंल. ह्या वाऱ्यात पानी सोडलं तर माजा आजा थडग्यातनं उठून मला काठीनं हानंल. गोठ्यात काय हाय? खांब, काटं आन् शेन."

"आन् पूर्वज? ते तितंच ऱ्हात्यात."

"ते गुरांसंगं ऱ्हात्यात. गुरं जातील तितं येतील. त्यास्नी काय पाय न्हाईत?" भेलेंनी पाइप झटकली. "आन् पूर्वजांत निम्म्या बायका हाइत. ह्या घरच्या सुना. त्यास्नी सगळ्यास्नी वळसा घालून झालाय. गोठा सरकवतो म्हनलं तर त्या न्हाई म्हनतील व्हय?"

 रीत तशीच राहत होती, अंगण पुरुषांचंच राहत होतं, फक्त पलीकडे जात होतं. म्हाताऱ्यांनी हा विचार उलटासुलटा करून बघितला, त्यात कुठे भोक सापडेना. म्हणाले, पूर्वजांना बियर पाजून सांगा आणि लागा कामाला.

माटोलोने मका आणि ज्वारीच्या मोडांची बियर घातली. पाणी टाकीतलंच. ती फसफसून तयार होईतो मी आणि तिने मिळून नोखायाला बसवून बसवून पाणी पाजलं. आता तीही जरा बरी प्यायला लागली. थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे म्हटल्यावर माणसाला दुसऱ्याचे उपकार पचतात.

ठरल्या सकाळी टेकडीवरचे सगळे गडी आले. पहारी, खोरी, कुऱ्हाडी. भेलेंनी गोठ्याच्या मध्यभागी उभं राहून बियर जमिनीवर शिंपली आणि आपल्या कुळाची नावं एकामागून एक घेतली. नोखाया झोपडीच्या मागे होती, ती नावं तिने ऐकायचीही नव्हती, म्हणून तिने दोन्ही कानांत बोटं घातली होती. मग भेले म्हणाले, "आमी सरकतोय. लांब न्हाई. संगं या."

खांब त्यांच्या आजोबांनी रोवलेले, लाकूड असं की पहार लागली की ठणका हातातून खांद्यात जायचा. एकेका खांबाला तिघंतिघं लोंबकळायचे. उपटला की खालून काळीभोर माती निघायची, कित्येक वर्षांच्या शेणाची, हातात घेतली तर कोमट. आमचे मालक ती हुंगून म्हणाले, "भेले, हितं भोपळं लावा. टाकीएवढं हुतील." ब्लूमला आणि त्याच्या जोडीदाराला जुंपून बिनचाकाच्या ओढगाडीवरून खांब पलीकडे नेले. काटेरी फांद्या ओढताना हातांना ओरखडे, शर्टांच्या चिंध्या. पुरुष गाणी म्हणत होते आणि गाण्यात भेलेंची टिंगल होती, की सुनेसाठी गोठा हलवला, बायको म्हणेल माझ्यासाठी डोंगर हलवा. माटोलो मोठमोठ्याने हसत होती, आणि मध्येच पदराने, म्हणजे शालीच्या टोकाने, डोळे पुसत होती. मला म्हणाली, चुलीचा धूर. चूल दुसऱ्या बाजूला होती.

नोखायाने तीन पायांच्या बिडाच्या भांड्यात कण्या आणि घेवडा शिजवला. पोट पुढे, एक हात कंबरेवर, दुसऱ्या हातात लाकडी पळी. दिवस कलायला आला तसा नवा गोठा उभा राहिला, जरा वाकडा, पण उभा. जुन्या जागी नुसतं काळं वर्तुळ उरलं.

आता फक्त गुरं आत जायची होती. म्हातारे म्हणाले, पहिलं जनावर नव्या गोठ्यात गेलं की अंगण सरकलं. तोवर नाही. तोवर सुनेने जागचं हलायचं नाही.

गुरं रानातून आली आणि सरळ जुन्या जागी जाऊन उभी राहिली. ना खांब, ना कुंपण, तरी आपापल्या नेहमीच्या ठिकाणी, काळ्या वर्तुळात, जणू भिंती तिथेच आहेत. जुवातून सुटलेला ब्लूम तर तिथे बसलाच. शिट्ट्या झाल्या, काठ्या आपटल्या, एकाने शेपूट पिरगाळलं. दोन पावलं जायची आणि परत यायची. गड्यांचं हसणं कमी कमी होत गेलं. एक म्हातारा हळूच म्हणाला, "पूर्वजांना पसंत न्हाई जनू."

हे वाक्य वाऱ्यावर वरपर्यंत गेलं. नोखाया दारात उभी होती, हातात रिकामा मग.  गोठा परत फिरवला असता तर त्या पोरीने आयुष्यात कधी मान वर केली नसती.

मग तिने सासूच्या कानाशी वाकून काहीतरी सांगितलं. माटोलोने कपाळावर हात मारला आणि अंगणाच्या कडेला जाऊन गरजली, "अवो शान्यांनो, पहाटंपास्नं तुमी समदे ढोसताय. गुरांना कुनी पाजलंय का? झऱ्याला चिखल, दिसभर रानात. कपडं धुवायचा पत्र्याचा टब भरून नव्या गोठ्यात ठेवा. तहानलेल्याला काठी दावून नेत न्हाईत."

"हे तुला कुनी सांगितलं?" आमच्या मालकांनी विचारलं.

"जिला ठाव हाय तिनं."

चौघांनी टब टाकीच्या नळाखाली धरला, भरला आणि सांडत सांडत नेऊन ठेवला. भेलेंनी ओंजळीत पाणी घेऊन ब्लूमच्या नाकपुड्यांवर शिंपडलं. ब्लूमने मान वर केली. वास घेतला. आधी मागचे पाय, मग पुढचे, असा कण्हत उठला आणि कुणाकडेही न बघता नव्या गोठ्याच्या तोंडातून आत गेला. टबात तोंड घातलं तेव्हा त्याच्या घशाचा आवाज आम्हाला वरपर्यंत ऐकू आला. मागून सगळी रांग गेली, ढुशा देत. भेलेंनी तोंडावर आडवा वासा सरकवला.

मग ते बैलाकडे तोंड करून, पण आवाज आमच्या बाजूला सोडून म्हणाले, "ब्लूम, तिकडं आता आमचं कुनाचं काय न्हाई म्हनावं. वाट मोकळी हाय."

नोखाया निघाली. त्या क्षणी तिथल्या सगळ्या पुरुषांनी एकदम आभाळाकडे बघितलं, जसा काही पाऊसच येणार होता. ती दारातून सरळ खाली आली, काळ्या वर्तुळाच्या कडेने, हळू, पायाने जमीन चाचपत. नळाशी पोचली, हातातला मग खाली धरला, पाणी सोडलं आणि प्यायली. परत भरला, परत प्यायली. मग कपाळावरचा रुमाल जरा मागे सारला आणि मगभर पाणी सगळ्यांदेखत आपल्या तोंडावर मारलं. आम्ही बायकांनी अशी आरोळी ठोकली की पलीकडच्या टेकडीवरची कुत्री भुंकली.

माटोलो माझ्या शेजारी मातीत बसली होती. "मी तीन पोरं पोटात घेऊन ह्याच दरीतनं फिरले, माड्लोमो," ती म्हणाली. "आन् ह्या म्हाताऱ्याला गोठा सरकवता येत व्हता. मला सांगायचं सुचलं न्हाई, त्याला इचारायचं सुचलं न्हाई." ती रागात होती की आनंदात, मला कळलं नाही. तिलाही कळलं नसावं, कारण ती हसतही होती आणि रडतही होती. मग उठून नळाशी गेली आणि सुनेच्या हातातला मग घेऊन स्वतः पोटभर पाणी प्यायली.

दवाखान्याच्या पुढच्या खेपेला सिस्टरने भांडं उजेडात धरून बघितलं आणि म्हणाली, "वा, पेंढा." आम्ही तिघी त्या भांड्याकडे दागिना बघावा तशा बघत राहिलो.

पाऊस लागला, टाकी परत काठोकाठ भरली. जुन्या गोठ्याच्या काळ्या वर्तुळात नोखायाने भोपळे लावले आणि वेल टाकीवर चढले. त्याच दिवसांत ती दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी. गुटगुटीत, गळा असा की घरी आणताना ड्रायव्हरने गाडीचा भोंगा वाजवायचा सोडून दिला.

बाळंतिणीचे दिवस संपल्यावर माटोलो नातीला घेऊन नव्या गोठ्यापाशी गेली, आजोबाला दाखवायला. भेलेंनी त्या दिवशी लग्नाकार्याचा कोट घातला होता. "पोरगी हाय," माटोलो म्हणाली. "उद्या कुनाच्या तरी घरी जाईल. आधी त्यांचा नळ कुठं हाय ते बघून यायचं. तुमी. सवता."

भेलेंनी मान डोलावली आणि पोरीला दोन्ही हातांवर घेतलं, जपून, जसं काही सांडेल. पोरीने त्यांच्या दाढीकडे बघितलं, पाय ताणले आणि कोटावर धार धरली. कोट, सदरा, आतल्या खिशातली तंबाखू, सगळं भिजलं. धार थांबायचं नाव घेईना. माटोलो पुढे झाली, पण भेलेंनी नात सोडली नाही. त्यांनी ओल्या कोटाकडे बघितलं, रंग निरखला, आणि वर दारात उभ्या असलेल्या सुनेकडे पाठ करून गोठ्यात हाक मारली.

"ब्लूम, सांग तिला. पानी पोचलं म्हनावं."